‘विलिंग’चा तास

‘विलिंग’ हा शब्द आला की मी आजही तास लांबवते. फोनच्या पडद्यावर चीनमधलं कोणीतरी असतं, बहुतेक नोकरदार, दिवसभर राबून इंग्रजी शिकायला बसलेलं. आणि मी इकडं केदारखेड्यात, सासरच्या माडीवर, दाराला आतून कडी घालून. खालून सासूबाई ओरडतात, "झालं का गं तुझं चीन?" माझं चीन काही संपत नाही.

शब्द तसा साधा आहे. पण ही माणसं तो ‘हवं’च्या जागी दणकून वापरतात. "आय ॲम विलिंग टू ईट नूडल्स." अरे बाबा, नूडल्स तुला आवडतात ना, मग त्यात राजी व्हायचं काय? मी सांगते, जिथं थोडी तोशीस आहे, नाही म्हणायची मोकळीक आहे, आणि तरी माणूस आपल्या मनानं हो म्हणतो, तिथं हा शब्द. उन्हात थांबायला राजी. दुसऱ्याचं ओझं उचलायला राजी. हे मी झोपेतसुद्धा बडबडेन.

शिकवायला सुरुवात केली ती परतूरला, माहेरी. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, भुसाराचं दुकान. मागच्या खोलीत ज्वारीच्या पोत्यांना टेकून माझा वर्ग चालायचा. मला एवढ्यात लग्न करायचं नव्हतं. संभाजीनगरला जाऊन पुढं शिकायचं होतं, आणि आईला मी ते तोंडावर सांगितलं होतं. तर आई म्हणाली, "अगं, नुसते बघायला येऊन राह्यलेत. बघितलं म्हणजे काय लगीन लागलं का?" आमच्याकडं बघायला येणारे पाव्हणे पुष्कळदा खिशात सुपारी घालूनच येतात. पोरगी पसंत पडली की तिथंच सुपारी फोडायची, आणि एकदा सुपारी फुटली की शब्द फिरवायचा नाही. हे काय मला ठाऊक नव्हतं? होतं की. पण आईवर विश्वास नाही ठेवायचा तर कोणावर ठेवायचा!

पाव्हणे यायचे होते त्या सकाळीही माझा तास होता. समोर एक ताई होती, तिकडं कपड्याच्या कारखान्यात शिवणकाम करणारी, माझ्याहून बरीच मोठी. मी साडी नेसून, पावडर लावून बसलेली बघून तिनं विचारलं, आज सण आहे का? मी खरं ते सांगितलं. त्या दिवशीचा शब्द नेमका हाच होता. तिनं विचारलं, "माझ्या वतीनं माझी आई हो म्हणाली, तर मी विलिंग का?"

"नाही," मी मास्तरीण होऊन म्हणाले, "मग तुझी आई विलिंग."

तेवढ्यात दुकानासमोर जीप थांबली.

मुलगा, त्याचे वडील, त्याचे मामा, आणखी दोघं-तिघं. पोहे झाले. डोक्यावर पदर घेऊन मी खुर्चीवर बसले. शिक्षण किती, स्वयंपाक येतो का, शेतावर जायची सवय आहे का. मुलगा खाली मान घालून बशीतले शेंगदाणे बोटानं इकडून तिकडं सरकवत होता. मग मामांना आठवलं. "पोरगी चीनला शिकवती म्हणे घरबसल्या! मंग बोलून दाखव की जरा इंग्रजी."

अण्णांची छाती फुगली. "बोल बेटा, बोल. लाजू नको बिलकुल."

लोक आता विचारतात, मराठीत का नाही तोंड उघडलंस? मराठीत उघडलं असतं तर चार पाव्हण्यांत अण्णांची मान खाली गेली असती, आणि ती माझ्यानं बघवली नसती. पण गप्प बसले असते तर जीव गुदमरला असता. मी वर्गात बोलते तशी ताठ बसले आणि हसऱ्या चेहऱ्यानं सुरू केलं. "आय ॲम नॉट विलिंग टू मॅरी." मी या लग्नाला राजी नाही. आई राजी आहे, वडील राजी आहेत. मला कोणी विचारलेलं नाही. मला शिकायचं आहे. कृपा करून तुम्हीच नाही म्हणा. एकेक वाक्य सावकाश, चिनी माणसालाही कळेल असं.

"वा, वा! फाडफाड!" मामांनी मांडीवर थाप मारली. "काय म्हणली ओ?"

अण्णांना इंग्रजीचा ओ की ठो येत नाही. ते म्हणाले, "काय नाय, पाव्हण्यांचं स्वागत केलं तिनं."

सगळे खूश झाले. फक्त मुलानं मान वर करून एकदा माझ्याकडं बघितलं. याला कळलं, माझ्या मनात आलं, देवा, याला कळलं! आता हा बोलणार. त्याच्या वडिलांनी विचारलं, "काय रे, पसंत ना?" त्यानं पुन्हा मान खाली घातली. तोच होकार धरला. सुपारी फुटली, कोणीतरी साखर वाटली आणि आईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं.

या माणसाचा मला लई राग होता. संसार केला, भाकरी थापल्या, माडीवरचे तास चालू ठेवले, पण राग काही जाईना. कळून-सवरून गप्प बसला, हे मनातून निघेना.

परवा मोटरसायकलवर माहेरी निघालो होतो. वाटूर फाट्यावर चहाला थांबलो. भर दुपार, हॉटेलात आम्ही दोघंच. मी विचारलंच.

"अहो, बघायला आल्ता तेव्हा मी काय बोलले, ते तुम्हाला समजलं होतं ना?"

"समजलं होतं."

"सगळं?"

"सगळं."

"मंग काहून बोलला न्हाई?" माझा आवाज चढला, चहावाला वळून बघायला लागला. "एक शब्द बोलला असता तर सुटलो असतो की आपण!"

यांनी त्या दिवशीसारखीच मान खाली घातली. बशीतला चहा निवून त्यावर साय धरली. मग माझ्याकडं न बघता म्हणाले,

"मी पण कुठं राजी होतो! तुला निदान इंग्रजी तरी बोलता येत होतं. मला नुसतं समजतं."