दारात अडलेला ग्रह

तिची निम्मी डाळ निवडून झाली होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला, "गेलं सगळं!" तिने सूप बाजूला ठेवलं.

शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परीक्षानळ्या धुणाऱ्या या शिपायाला निवृत्तीच्या वर्षी पहिल्यांदाच शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात जागा मिळाली होती. दूरच्या ताऱ्याभोवती फिरणारा एक अजस्र ग्रह त्याने कागद चिकटवून घरीच केला. पृथ्वी संत्र्याएवढी धरून माप अगदी चोख घेतलं. दाराचं तेवढं घ्यायचं राहिलं. प्रदर्शन उद्या, आणि ग्रह काही केल्या दाराबाहेर निघेना.

"आता काय, भिंत फोडू?"

"अहो, त्या ग्रहावर जमीन आहे का?"

"छे गं! नुसता वायू. पाय ठेवायला जागा नाही."

"देवाने जमिनीवाचून एवढा ग्रह घडवलाय, मग तुमचंच कागदावाचून का अडावं? जुन्या चादरीची गोल खोळ शिवून देते. शाळेत नेऊन आत फुगे भरा."

तो खो खो हसला. "प्रयोगशाळेत तुलाच पाठवायला हवं होतं!"

"कौतुक नंतर करा. चादर रंगवायला वेळ लागेल मला."

त्याने ग्रह भिंतीकडे सरकवला, चपला घातल्या आणि शंभर फुगे आणायला तो दुकानात गेला.