आगीमागे दोन रुपये

आमच्या गावाला तेव्हा कोणी मुंबई म्हणत नसे. बोरिवलीच्या अलीकडे एक स्टेशन, स्टेशनला लागून चाळी, चाळींमागे म्हशींचे तबेले आणि त्यापलीकडे थेट दिंडोशीच्या रानापर्यंत गवतच गवत. नगरपालिका आमची स्वतःची होती, पण तिच्याकडे आगीचा बंब नव्हता. बंब यायचा तो मुंबईहून, आणि तो पोचेपर्यंत राखेवर पाणी मारायचंच काय ते काम उरलेलं असायचं. म्हणून गावातल्या पुरुषांनी स्वयंसेवकांचं पथक काढलं होतं. एक हातपंप, बादल्या, लांब काठ्या आणि अंगावर खाकी कपडे, एवढाच सरंजाम. नगरपालिकेची घंटा वाजली की हातातलं टाकून धावायचं.

आमचे हे त्या पथकात होते. गिरणीत साच्यावर कापड विणायचे. पाळी करून घरी यायचे, ताटावर बसायचे आणि घंटा झाली की तसेच उठायचे. मी कुरकुर करायची, पण मनातून मला कौतुक होतं, खोटं कशाला सांगू? तांब्यात निखारे घालून त्यांच्या खाकी कपड्यांना इस्त्री मीच करायची, आणि चाळीत कोणाच्याही नवऱ्याची घडी माझ्या नवऱ्याच्या घडीसारखी नसायची.

नगरपालिकेनं एकदा ठरवलं की आगीमागे माणशी दोन रुपये भत्ता द्यायचा. झालं, पथकाची बैठक भरली आमच्याच चाळीच्या अंगणात. पथकाचे कप्तान आमच्या शेजारच्या खोलीत राहायचे, फोर्टात मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी भाषण केलं की ही सेवा आहे, हमाली नाही. पैसे घेतले की आपण नगरपालिकेचे नोकर झालो. पथकात बहुतेक कचेरीतलीच मंडळी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि भत्ता नको म्हणून हात वर केले. मी गॅलरीतून बघत होते. यांनीही हात वर केला.

घरात आल्यावर मी विचारलं, दोन रुपये काय चावत होते तुम्हाला? तर म्हणाले, ऑफिसातली माणसं नको म्हणतायत आणि एकटा गिरणीवाला हात पसरतोय, बरं दिसतं का ते? आम्ही घरात मालवणी बोलायचो, पण या मंडळींपुढे हे तोलून मापून शुद्ध बोलायचे, नाहीतर गप्पच बसायचे. भत्त्याच्या जागी मग आगीमागे मानाचा नारळ सुरू झाला. आता नारळाचं आम्हाला काय कौतुक? माझ्या माहेरी परड्यात माडच माड. तरी हे तो नारळ असा घेऊन यायचे की मला हसू यायचं.

त्या वर्षी ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, तबेल्याला आग लागली. म्हशी साखळ्यांनी बांधलेल्या आणि छपरापर्यंत पेंढा. बाकीचे पंप मारत होते, हे आत शिरले आणि एकेक म्हैस सोडवायला लागले. लोखंडी साखळ्या तापून लाल व्हायच्या बेतात. सगळ्या म्हशी बाहेर आल्या, एकही दगावली नाही, पण यांचा उजवा तळवा शेवटच्या साखळीला चिकटला. डॉक्टरांनी हात वाचवला. बोटं मात्र मिटेनात. साच्यावरचा तुटलेला धागा जोडायचा म्हणजे दोन बोटांची चिमूट लागते, आणि तीच गेली होती. गिरणीत माणसं कामावर घेणारा जॉबर भला माणूस, म्हणाला हात बरा झाला की ये. हात बरा होणार नाही, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. घरात कमावता दुसरा कोणी नव्हता.

कप्तानांनी नगरपालिकेकडे नुकसानभरपाईसाठी शब्द टाकला. उत्तर घेऊन ते आमच्या दारात आले आणि खालच्या आवाजात बोलायला लागले. भरपाई फक्त नोकरांना मिळते. पथकानं भत्ता नाकारला, तेव्हा पथकातला कोणीही नोकर नव्हे. पण अध्यक्षसाहेब स्वतः शाळेच्या हॉलमध्ये जाहीर सत्कार करणार आहेत, नारळ आणि शाल देऊन.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचा हात जळला असता तरी पहिल्या तारखेला तुमचा पगार घरी आला असता. आमचं हातावर पोट आहे. सेवा तुम्हाला परवडते." हे आतून गप्प गप्प म्हणत होते. मी कसली गप्प बसते!

दुसऱ्या दिवशी पदर खोचला आणि पथकातल्या प्रत्येकाच्या बायकोकडे गेले. सरळ सांगितलं, आज माझ्यावर आली, उद्या तुमच्यावर येईल. खाकी कपडे माझ्याकडे द्या. वाटलं होतं, कचेरीवाल्यांच्या बायका नाकं मुरडतील. पण पहिला जोड काढून दिला तो कप्तानांच्याच बायकोनं. म्हणाली, घे गं, नाहीतरी धुवायचे मलाच असतात.

सत्काराच्या दिवशी पथक पुढच्या खुर्च्यांवर आणि आम्ही बायका मागच्या बाकांवर, प्रत्येकीच्या मांडीवर मी बांधून दिलेलं एक गाठोडं. अध्यक्ष वकील होते, बोलले छान. मग त्यांनी यांच्यापुढे नारळ धरला. यांच्या उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात शाल. नारळ घ्यायचा कशात? हे तसेच उभे राहिले, आणि सगळा हॉल बघत होता. मी उठले, स्टेजपाशी गेले आणि गाठोडं टेबलावर ठेवलं. माझ्यामागून एकेक करून सगळ्याजणींनी ठेवली.

मी म्हटलं, "नारळ आमच्या गावाकडे झाडाला लागतात, साहेब. तुम्ही या हाताचं काय ते बोला. तोवर घंटा झाली तर पुरुष येणार नाहीत, आम्ही बायका घागरी घेऊन येऊ."

आणि आलो असतो, यात मला आजही शंका नाही. पण वेळ आली नाही. टेबलावरचा तो खाकी ढीग बघून अध्यक्षांनी भाषण गुंडाळलं. आठवड्याच्या आत ठराव झाला. भत्ता सगळ्यांना, नको म्हणायची सोय नाही. आगीत इजा झाली तर औषधपाणी आणि बुडालेला पगार नगरपालिका देणार, आणि हे तबेल्याच्या आगीपासून लागू.

सगळी चाळ खूश, हे मात्र माझ्याशी बोलेनात. बायकोनं चारचौघांत मागून आणलेले पैसे घ्यायचे, हे त्यांच्या गळ्याखाली उतरेना. पैसे घ्यायच्या दिवशी मी जवळजवळ ओढूनच नेलं. खिडकीपाशी पथकाची रांग होती, कप्तानसुद्धा मान खाली घालून उभे. यांची पाळी आली. यांनी डावा हात पुढे केला. कारकून म्हातारा, जुन्या वळणाचा. लक्ष्मी काय डाव्या हातानं घ्यायची असते? मान वर न करताच म्हणाला, "उजवा हात पुढे करा."

मला वाटलं, आता हे मागे फिरणार. हे फिरले नाहीत. त्या सगळ्या कचेरीवाल्यांदेखत, पहिल्यांदाच, खणखणीत मालवणीत बोलले, "उजवो तुमच्या आगीत दिलंय. आता ह्योच आसा."

कारकुनानं मान वर केली, पट्टी बघितली आणि उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी पैसे पुढे केले. यांनी ते डाव्या हातात घेतले आणि न बघता माझ्याकडे दिले. मी मात्र तिथंच, खिडकीपाशी, सगळ्यांसमोर मोजून घेतले.