बेटावरची म्हैस

आमच्या तळ्यातलं बेट म्हणजे काय, चार बाभळी नि गुडघाभर गवत. माणूस तिथं राहत नसे. उनाड बोकड नेऊन सोडायचे, गवत कापून आणायचं, आणि जनावराला रोग लागला की तेही तिकडंच ढकलायचं. परत आलेलं जनावर मी तरी पाहिलं नव्हतं.

पन्नास सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन कुरुळीत येऊन मला फार दिवस झाले नव्हते. चाकणच्या बाजारातून गुरांच्या बुळकांडीची साथ गावात आली आणि आमच्या दुभत्या म्हशीच्या तोंडाला लाळ सुटली. माझे चुलत सासरे गावचे कारभारी. दारात उभे राहून म्हणाले, "आजच्या आज बेटावर." गड्यांनी तिला पोहवत नेलं. तिची दूधपिती पारडी धडधाकट होती, म्हणून ती घरी ठेवली.

इथंच तर घोडं पेंड खातं! पारडी दावं तोडून तळ्यावर धावली आणि ओरडायला लागली. तिकडून म्हशीनं ओ दिली. म्हशीला पाण्याचं कसलं भय? उतरली की सरळ पाण्यात! ती आली तर साऱ्या गावचे गोठे रिकामे व्हायचे. काठावर माणसं धोंडे घेऊन उभी राहिली. एक धोंडा तिच्या कपाळावर बसला. ती मागं फिरली, आणि पारडी ओरडताच पुन्हा उतरली.

"सूनबाई, तोंड दाबा तिचं!" चुलत सासरे खेकसले.

मी दोन्ही हातांनी दाबलं. पारडी धडपडत होती, तिचा गरम श्वास माझ्या बोटांतून फुसफुसत होता. असा संताप आला, वाटलं म्हाताऱ्यालाच मुसकं बांधावं! पण त्यांचंही खोटं नव्हतं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या याच गावच्या लेक, गावातच दिलेल्या. चारचौघांत कधी तोंड न उघडणाऱ्या. मला म्हणाल्या, "सोड तिला. जाऊ दे आईकडं."

"वयनी, येड लागलं का? पारडीबी मरंल!"

"मरंल तर आईपाशी मरंल. पलेगात माझ्या आईला त्याच बेटावर झोपडीत ठिवली व्हती, भावजी. ती तिकडनं हाका मारायची. म्या ओ दिऊ नये म्हून आत्यानं माजं तोंड असंच दाबलं व्हतं. मंग हाका थांबल्या."

मी हात काढले. सासूबाईंनी पारडीला पाण्यात ढकललं. तिचं एवढंसं नाकाड पाण्यावर दिसत होतं. म्हैस अर्ध्या वाटेपर्यंत आली. धोंडे हातातच राहिले. तिनं पारडीला हुंगलं, आणि दोघी बेटाकडं वळल्या.

पुढं पारडी गेलीच, म्हैस तेवढी वाचली. पण त्या घटकेला दोघी बेटावर चढल्या, ओरडणं थांबलं, आणि माझ्या साठीच्या सासूबाईंनी त्या बेटाकडं बघत "आई गं" म्हणून हंबरडा फोडला.