चार नंबरचा सूक्ष्मदर्शक

बरणीमावशी वर्गाच्या दारावरून नुसती गेली तरी मागच्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या. तिच्या अंगाला फॉर्मलीनचा वास होता आणि तो साबणाने जाण्यातला नव्हता. बावीस वर्षं ती शाळेच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचा धूत होती, बरण्या पुसत होती, त्यांतलं औषध बदलत होती. मुलांनी ठेवलेलं नाव तिला चांगलं ठाऊक होतं. त्याचं तिला काही वाटत नसे, आणि बरणीतल्या जंताचंही नाही. बुटाची नाडी उचलावी तसा ती तो चिमट्याने उचलायची, झाकण फिरवायची आणि त्याच हातांनी, धुऊन, डबा खायची.

किळस तिला यायची ती भिंतीपलीकडच्या आवाजाची. पलीकडे सरांचा वर्ग भरायचा. सर तसे भले गृहस्थ, पण घाईचे. त्यांनी 'महत्त्वाच्या संज्ञा' नावाची एक वही केली होती, त्यात दोनशे चाळीस व्याख्या होत्या. अर्धं वाक्य सर म्हणायचे, उरलेलं अर्धं वर्ग ओरडायचा.

"पेशी म्हणजे सजीवांच्या—"

"रचनेचा आणि कार्याचा मूलभूत घटक!"

"परजीवी म्हणजे—"

"दुसऱ्या सजीवावर जगून त्याला अपाय करणारा सजीव!"

मावशी परजीवीची बरणी पुसता पुसता थांबायची. यांतल्या एकानेही या बरणीत डोळे घालून पाहिलं नव्हतं. त्या जंताच्या डोक्यावरचे आकडे, ज्यांनी तो आतड्याला धरून राहतो, ते कुणी मोजले नव्हते. कुणीतरी चावून थुंकलेला घास दुसऱ्याने मिटक्या मारत तोंडात घ्यावा, तसं तिला ते वाटायचं. 

मावशी स्वतः शाळेत दोनदा नापास झालेली. इथे आली ती फरशी पुसायला. तेव्हाचे जुने सर मोठे विक्षिप्त होते. त्यांनी एक दिवस तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं, तिला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि म्हणाले, "काय दिसतंय ते सांगा. नाव नको, दिसतंय ते." तिने कांद्याच्या मुळाचं टोक पाहिलं. विटांसारख्या पेशी, आणि एका विटेत गडद रंगाच्या दोऱ्या, मधोमध ओळीने उभ्या. शेजारच्या विटेत त्याच दोऱ्या दोन टोकांना ओढल्या गेलेल्या. "एकाचे दोन होतायत की हे," ती म्हणाली. जुन्या सरांनी खुर्चीतून उठून तिला नमस्कार केला होता. गुणसूत्रं, मध्यावस्था, पश्चावस्था ही नावं तिला नंतर कळली.

तेव्हापासून कांद्याची काच, म्हणजे स्लाइड, करावी तर मावशीनेच. कांदा पाण्यावर ठेवून मुळं फुटू द्यायची. टोकं सकाळीच कापायची, तेव्हा पेशी जोरात विभागत असतात. दिवसभर औषधात ठेवायची, दुसऱ्या दिवशी आम्लात गरम करायची, रंग द्यायचा, वरून पातळ काच ठेवायची आणि टिपकागद धरून अंगठ्याने दाबायचं. जास्त दाबलं तर भुगा, कमी दाबलं तर ढीग. दर वेळी ती दोन काचा करायची. एक लावायची, दुसरी ओल्या फडक्याखाली जपून ठेवायची.

आणि या काचांचं काय व्हायचं, तर परीक्षेला टेबलावर सहा सूक्ष्मदर्शक ओळीने मांडलेले असत, आणि ओळ वर्षानुवर्षं तीच. सरांच्या वहीच्या शेवटच्या पानावर ती उतरवलेली होती. एक, कांद्याची साल. दोन, पर्णरंध्र. तीन, रक्तपेशी. चार, समसूत्री विभाजन, मध्यावस्था. मुलं पाच-सहापर्यंत पाढ्यासारखं म्हणायची. परीक्षेत डोळा भिंगाला लावल्यासारखा करायचा, नंबर बघायचा आणि वहीतली आकृती काढून मोकळं व्हायचं. सगळ्यांना पैकीच्या पैकी. सर खूश, आईबाप खूश.

"सर, एखाद्या वर्षी तरी क्रम बदलू या," मावशीने एकदा म्हणून पाहिलं होतं.

"मावशी, मुलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे," सर म्हणाले. तिला तेव्हा हसावं की ओकावं कळेना.

यंदा मात्र वर्गात तिची भाची होती. साऱ्या शाळेची ती मावशी, पण खरी मावशी या एकटीचीच. बहीण गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती, तेव्हापासून मावशीपाशी. हुशार, नीटनेटकी, जरा फटकळ. तिला रक्त तपासायच्या प्रयोगशाळेचा अभ्यासक्रम करायचा होता आणि त्यासाठी प्रात्यक्षिकाचे गुण हवे होते. मावशीला गुणांची काळजी नव्हती, ते तर वाटलेच जात. तिच्या जिवाला घोर होता तो दुसरा. उद्या कुणाच्या तरी रक्ताची काच या पोरीपुढे येणार. त्यात जे आहे ते ही बघेल, की पाठ केलेलं लिहून मोकळी होईल?

परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी भाची जेवताना वही मांडीवर घेऊन घोकत होती. "परासरण म्हणजे अर्धपार्य पटलातून पाण्याच्या रेणूंचं जास्त पाण्याच्या बाजूकडून कमी पाण्याच्या बाजूकडे जाणं. परासरण म्हणजे..."

मावशीने तिच्यापुढची ताटली सरकवली. काकडीच्या चकत्यांवर मघाशी मीठ भुरभुरलं होतं, आता त्या पाण्यात पोहत होत्या. "हे बघ तुझं परासरण. मीठ बाहेर, म्हणून आतलं पाणी—"

"शी, मावशी! जेवताना तरी नको ना. आधीच तुझ्या हाताला वास येतो."

"वासाचं सोड. बघितलंस का?"

"परीक्षेत काकडी नाहीये," भाची म्हणाली आणि पान उलटलं. मावशीने ताटली ओढून घेतली आणि चकत्या एकटीनेच संपवल्या. चव लागली नाही.

परीक्षेच्या सकाळी काच अशी साधली होती की मावशी स्वतःवरच खूश झाली. चार नंबरच्या भिंगाखाली मध्यावस्थेची एक पेशी अगदी मधोमध, दोऱ्या लखलखीत. मग बाहेरच्या परीक्षक बाई आल्या आणि सरांची धांदल उडाली. "अजून मोठं दाखवू या बाईंना," म्हणत त्यांनी चार नंबरचं मोठं भिंग फिरवलं आणि वरून डोळा लावूनच मोठा स्क्रू खाली आणला. हे कधी करू नये. बाजूने वाकून, काच आणि भिंग यांत अंतर किती आहे ते बघत स्क्रू फिरवायचा, हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही सांगतात. टक्क झालं. वरची पातळ काच सरकली. सरांनी नखाने ती पुन्हा जागेवर ढकलली, भिंग होतं तसं फिरवलं, आणि तेवढ्यात बाईंचा चहा आला. बाईंनी कप हातात घेऊन टेबलाला एक फेरी मारली. डोळा कुठेच लावला नाही.

पहिली तुकडी गेल्यावर मावशी सूक्ष्मदर्शक पुसायला आली आणि सहज चारमध्ये डोकावली. आत फक्त हवेचा बुडबुडा होता. गोल, पांढरा, कडेला जाड काळी रेघ. पेशी नाही, दोरी नाही, काही नाही.

तिने चौदा उत्तरपत्रिका उलटून पाहिल्या. चौदाच्या चौदा मध्यावस्था. दोऱ्या मोजून काढलेल्या, बाण पट्टीने ओढलेले, आणि शेजारी बाईंची बरोबरची खूण.  तिने गठ्ठा पुन्हा जागेवर ठेवला. बावीस वर्षं तिच्या अंगठ्याने जे दाबलं ते कुणी पाहिलंच नव्हतं! कांदा न ठेवता नुसती धुतलेली काच ठेवली असती, तरी शाळेचा निकाल शंभर टक्केच लागला असता.

दुसरी काच फडक्याखाली तयार होती. बदलायला अर्धं मिनिट लागलं असतं. मावशीने फडकं उचललं, काच पाहिली आणि फडकं पुन्हा टाकलं. बघू दे, तिला वाटलं. एक तरी माणूस म्हणतंय का बघू, की इथे काही नाही.

दुसऱ्या तुकडीत कुणी म्हटलं नाही. एकाने तर डोळा लावला तो दिव्याचं बटण बंद असताना, आणि तरी झकास आकृती काढली. मावशीला त्या खोलीतल्या प्रत्येकाची शिसारी आली. सरांची, बाईंच्या चहाच्या कपाची, बरोबरच्या खुणांची. बरण्यांतले मेलेले प्राणीच काय ते त्या खोलीत सोज्वळ वाटत होते.

तिसऱ्या तुकडीत भाची. एक, दोन, तीन झाले. चारपाशी आली. मावशी खिडकीजवळ फडकं पिळत उभी राहिली. भाचीने डोळा लावला. लगेच काढला नाही. बारीक स्क्रू फिरवला, काच इकडेतिकडे सरकवली, पुन्हा लावला. बघतेय, मावशीला वाटलं, पोर बघतेय! छाती भरून आली तिची. मग भाचीने मान वर केली आणि सरळ मावशीकडे पाहिलं. चांगलं पाच-सहा श्वास पाहिलं. म्हण, मावशी मनात म्हणाली, म्हण गं बाई, काही दिसत नाही म्हण.

भाचीने खाली मान घातली आणि मध्यावस्था काढली.

 घरी येऊन मावशीने दार उघडलं, चप्पल भिरकावली आणि मग तोंडाचा पट्टा सुटला. "बुडबुडा होता त्यात! नुसता बुडबुडा! उद्या माणसाच्या रक्तात काही नसताना रोग लिहशील आणि असताना नाही म्हणशील. लाज वाटायला हवी. मला तर तुझ्याकडे बघवत नाही."

भाची पाठीवरचं दप्तर न काढता उभी होती. "मला दिसला बुडबुडा," ती म्हणाली.

"दिसला? आणि तरी?"

"सकाळपासून तो तिथेच होता ना? तू दर तुकडीनंतर पुसायला येतेस, भिंगातून बघितल्याशिवाय तू राहतेस होय?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागत होता. "आणि फडक्याखाली दुसरी काच असते. तू नेहमी दोन करतेस. मी तुझ्याकडे बघितलं ते त्यासाठी. म्हटलं, मावशी आत्ता येईल, काच बदलेल, म्हणजे मला खरं बघून काढता येईल. किती वेळ बघत राहिले मी. तू नुसती खिडकीपाशी उभी. मग मला वाटलं, तुझंही तेच म्हणणं आहे. लिही आणि सूट."

  मावशी मोरीवर गेली, नळ सोडला आणि हात धुऊ लागली. साबण लावला, पुन्हा लावला, नखांत घासला. मग हात नाकाशी नेला. तोच वास होता, बावीस वर्षांचा. आज पहिल्यांदाच तिला त्या हातांची किळस आली. ती पुन्हा घासत सुटली.

मागून भाची आली, तिच्या खांद्यावरून हात घालून तिने नळ बंद केला. "पुरे आता," ती म्हणाली. "कातडी निघेल."