‘अकार्यक्षम’ या शब्दाचा विग्रह

करुणामय तथागताला वंदन करतो. वर्षावासाच्या समाप्तीनिमित्त आमच्या विहारातील मंडळींनी ज्येष्ठांकडून एकेक अनुभव लिहून मागितला आहे. माझा अनुभव एका शब्दाचा आहे.

नव्वदीच्या सुरुवातीचा मार्च महिना. भाईंदर पूर्वेतील एका खासगी अनुदानित शाळेचे कार्यालय. मी तिथे संस्कृत शिकवत असे. मुख्याध्यापकांनी बोलावले म्हणून गेलो. लिपिक आणि दोन शिक्षक बसलेले होते. एक खुर्ची रिकामी होती. मला उभेच ठेवले.

“तुम्ही संस्कृतचे एम. ए. ना? मग एक शब्द सांगा. ज्याच्याकडून काम उरकत नाही, त्याला शुद्ध भाषेत काय म्हणायचं?”

“कशासाठी, सर?”

“गोपनीय अहवालात शेरा लिहितोय. ‘ढिला’ बरं दिसत नाही. ‘कुचकामी’ जरा जास्त होतं. ‘अकार्यक्षमी’ चालेल?”

लिपिक हसला. “लिहा ना सर, मालगाडी.”

मी गंभीरपणे म्हणालो, “‘अकार्यक्षमी’ असा शब्द नाही, सर. ‘अकार्यक्षम’ लिहा.”

त्यांनी लिहिले. पेनाला टोपण लावले. कागद फिरवून माझ्याकडे सरकवला. वर माझे नाव होते.

आता सगळेच हसले.

“खाली ‘शेरा मान्य’ लिहून सही करा. आणि राग मानू नका. कोट्यातून जागा मिळते, वेग मिळत नाही.”

मी मराठवाड्यातून आलेला बौद्ध. ज्या भाषेचे दार माझ्या आजोबांना बंद होते, ती भाषा मी आदराने शिकलो. आदराने शिकवली. आणि त्या दिवशी, माझ्याच अपमानाचे व्याकरण मी दुरुस्त करून दिले.

माझा अभ्यासक्रम दोन पाठ मागे होता, हे खरे. का होता? त्या वर्षी मतदार यादीच्या कामाला शाळेतून तीनदा माणूस मागितला गेला. तिन्ही वेळा माझेच नाव गेले. इकडे वर्ग रिकामा. तिकडे मी भाईंदरजवळच्या डोंगरी, वरसावे या गावांत दारोदार नावे लिहीत फिरत होतो. प्रत्येक आदेशावर सही मुख्याध्यापकांचीच.

जूनमध्ये पर्यवेक्षकाची जागा रिकामी होणार होती. सेवाज्येष्ठतेने ती माझी होती. ‘मान्य’ लिहिले की ती गेली, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होते.

मी एक दिवस मागितला. बाहेर आल्यावर त्या दोघांतील एक शिक्षक हळूच म्हणाले, “टाका सही करून. नोकरी थोडीच जातेय?”

घरी पत्नीला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

“शब्द तुम्ही सांगितलात?”

एवढेच विचारले तिने.

मग वहीत तो शब्द लिहिला आणि वर्गात करतो तसा त्याचा विग्रह केला. जो कार्यक्षम नाही, तो अकार्यक्षम. हा सरळ अर्थ. पण समास दुसरीकडेही तुटतो. अकार्य म्हणजे जे करू नये ते कृत्य. क्षम म्हणजे समर्थ; आणि मूळ धातूचा अर्थ सोसणे. अकार्य सोसण्यास समर्थ, तो अकार्यक्षम.

पेन हातातच राहिले. तीन आदेश मी निमूट सोसले होते. हसणे सोसले होते. त्याला मी क्षमाशीलता म्हणत आलो होतो. शेरा खोटा होता. विग्रह खरा होता.

दुसऱ्या दिवशी कागदावर लिहिले : ‘शेरा अमान्य.’ खाली तीन आदेशांचे क्रमांक. सोबत प्रती.

मुख्याध्यापकांनी वाचले. “आम्हाला भाषा शिकवताय?”

“हो, सर. नोकरीच ती आहे माझी.”

मी रिकाम्या खुर्चीवर बसलो आणि पोच मागितली. अर्ध्या तासाने मिळाली.

पर्यवेक्षकाची जागा मला मिळाली नाही. ती माझ्यानंतर लागलेल्या शिक्षकाला दिली. त्याविरुद्ध मी लेखी अर्ज केला. उत्तर आले नाही, म्हणून दुसरा केला. निवृत्तीपर्यंत दरवर्षी करत राहिलो. तो शेरा आजही माझ्या सेवापुस्तकासोबत असेल. त्याच्याखाली माझा नकारही असेल. मी कुणालाही क्षमा केलेली नाही. अकार्य सोसण्यास मी अक्षम आहे, आणि मरेपर्यंत अक्षमच राहीन.

वाचणाऱ्या आपणास आणि आपल्या घरच्या सर्वांना आरोग्य लाभो, अन्न लाभो, प्रज्ञा लाभो. आणि दुसऱ्याने लिहिलेल्या आपल्या किमतीखाली ‘मान्य’ लिहिण्याची वेळ आली, तर आपला हात थांबो.