ढेकळांचे कॅच, उसातले आऊट

तीस वर्षं गावाकडं गणित शिकवलं, पण जुना विद्यार्थी भेटला की गणिताचा विषय कुणी काढत नाही. "सर, ते चपलांचं आठवतं का?" इथूनच सुरुवात होते. मग एकातून दुसरं निघत जातं, चहा दोनदा होतो, आणि घरी परतताना माझ्या लक्षात येतं की निम्मं सांगायचं राहूनच गेलं.

नव्वदच्या आसपास खेळाचे शिक्षक बदलून गेले आणि हेडसरांनी क्रिकेट माझ्या गळ्यात मारलं. आमचं गाव घनसावंगीच्या पुढं. दरवर्षी जालन्याला शालेय स्पर्धेला जायचो, पहिलाच सामना हरायचो आणि दुपारच्या एसटीनं परत यायचो. एका वर्षी शहरातल्या एका शाळेचे कोच माझ्यासमोरच वेळापत्रक लावणाऱ्याला म्हणाले, "घनसावंगीवाल्यांची मॅच सकाळीच ठेवा. म्हणजे दुपारची गाडी सापडंल त्यांना."

ते चिडवत नव्हते, आमची सोय बघत होते. तेच जास्त लागलं. एक तरी सामना जिंकायचा आणि ती दुपारची गाडी चुकवायची, एवढंच मी त्या दिवशी मनात धरलं.

*

औरंगाबादला दहा दिवसांचा कोचिंग कॅम्प करून आलो. सगळे ड्रिल वहीत उतरवून आणले. प्रत्येक ड्रिलला मैदानात मांडायचे प्लास्टिकचे टोकदार कोन लागायचे. आमच्याकडं कोन कुठले? पोरांच्या चपला होत्या. त्या रांगेत मांडायच्या आणि पोरांनी त्यांच्यामधून नागमोडी पळत जाऊन बॉल उचलायचा.

एकदा तपासणीला साहेब आले. मैदानाच्या तोंडाशीच त्यांना चपलांची सरळ रांग दिसली. त्यांनी रांगेच्या शेवटी आपले बूट काढून ठेवले आणि अनवाणीच आत आले. मी काही बोलायच्या आत एक पोरगा त्यांच्या बुटांना वळसा घालून पळत गेलासुद्धा. साहेबांनी शेरा लिहिला, 'शाळेत शिस्त उत्तम!'

*

बॉलिंगचं ड्रिल सोपं होतं. जिथं टप्पा पडायला पाहिजे तिथं रुमाल टाकायचा आणि त्यावर बॉल पाडायचा. आमचा सिद्धार्थ ऑफस्पिन टाकायचा. रोज पन्नास बॉल, एक कमी नाही. माझे रुमाल काळे होऊन, भोकं पडून घरी जायला लागले. तिसऱ्या रुमालानंतर बायकोनं जुन्या चादरीचा एक चौकोन शिवून हातात दिला. "हा टाका तिथं. रुमाल तेवढा नाकाला ऱ्हाऊ द्या."

सिद्धार्थनं तो चौकोन मातीवर अंथरला, दोन बॉल टाकले आणि उचलून माझ्याकडं आणला. म्हणाला, "सर, ह्याच्यावर तर कुनाचा बी पडंल." मग त्याची चौघडी करून जागेवर ठेवली आणि परत रनअप घ्यायला गेला. हे पोरगं जालन्याला काहीतरी करणार, याची खात्री मला त्या दिवशी पटली.

*

लेदरचा बॉल एकच होता, तो बॉलिंगला लागायचा. मग कॅचची प्रॅक्टिस कशानं करायची? तोडगा आमचे शिपाई रामभाऊ मामा यांनी काढला. शेजारच्या नांगरलेल्या रानातून ते अर्धवट वाळलेली ढेकळं टोपलंभर घेऊन आले. मामांचा नियम असा, की हात कडक ठेवला तर ढेकूळ फुटतं, आणि फुटलं की कॅच सुटला. हे माझ्या वहीत कुठंच नव्हतं. महिनाभर पोरं डोक्यापासून पायापर्यंत मातीत, पण हात असे मऊ झाले की टोपलं संपता संपेना.

त्या वर्षीचा पहिला सामना नेमका त्याच कोचच्या शाळेशी पडला, आणि अर्थातच सकाळी. त्यांची बॅटिंग पहिली. सिद्धार्थच्या बॉलवर त्यांच्या पोरानं उंच मारला आणि सीमेवर आमच्या गणेशनं पळत जाऊन झेलला. पण गणेश ना ओरडला, ना नाचला. दोन्ही तळवे उघडून बॉल नीट निरखत राहिला. कॅच सुटला असं वाटून बॅट्समन जागचा हलेना. शेवटी अंपायरनं लांबून विचारलं, काय झालं?

गणेश म्हणाला, "फुटला न्हाई, सर."

*

आमच्या मैदानाच्या एका अंगाला ऊस. त्यात बॉल गेला की सगळी टीम अर्धा तास शोधत बसायची. म्हणून सरावाच्या मॅचमध्ये मी नियमच केला होता, उसात मारला की आऊट. आमचा कॅप्टन विष्णू मोठा मारणारा गडी. महिनाभर तोच रोज आऊट व्हायचा. अंपायर रामभाऊ मामा, ते तर बॉल हवेत असतानाच बोट वर करायचे. हळूहळू विष्णू बॉल जमिनीवरून मारायला शिकला.

जालन्याच्या सामन्यात तो जमिनीवरूनच खेळला. पण शेवटी रन आणि बॉल यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यानं एक उचललाच. बॉल सरळ बाउंड्रीबाहेर. आम्ही सगळे उड्या मारतोय, आणि विष्णू मान खाली घालून, बॅट काखेत मारून परत निघालेला! ते कोच मला विचारायला लागले, हा का चालला?

समोरच्या टोकाला सिद्धार्थ उभा होता. तोच ओरडला, "विष्ण्या, माघारी ये! इथं ऊस न्हाई!"

विष्णू माघारी फिरला आणि त्यानं सामना काढून दिला. दुपारची गाडी गेली तेव्हा आम्ही मैदानातच होतो, दुसऱ्या दिवशीच्या सामन्याची वेळ विचारत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते लपवलं नाही.

*

पुढच्या महिन्यात एका रविवारी सकाळी शाळेपुढं जीप थांबली. तेच कोच, आणि पांढऱ्या कपड्यातली त्यांची पोरं. कोच मला म्हणाले, "सर, आमच्या पोरांना दोन दिवस तुमच्या ग्राउंडवर खेळू द्या. अशी फिल्डिंग ज्या जागेवर तयार होते, ती जागा बघायला आलो आम्ही."

रामभाऊ मामांनी सगळ्यांना पाणी दिलं. कोचनी पाणी पिता पिता इकडं तिकडं बघितलं. एकीकडं ऊस, एकीकडं शाळेच्या खोल्या, मधे काळ्या मातीचा एक तुकडा. ग्लास मामांच्या हातात देत ते म्हणाले, "चला सर, मंग जाऊ या. कुठंय ग्राउंड?"

मामा ग्लास गोळा करत होते. वर न बघता म्हणाले, "जिथं उभं राह्यलात ना साहेब, तेच हाय."