गणपत मास्तरांची चौथी सुपारी

वडूजची गाडी रहिमतपुरात दहाच्या सुमाराला येते. महिन्यापूर्वी एका सकाळी ती आली तेव्हा मी एका कोटाच्या खांद्यावर जरीची फीत बसवत होतो. गाडीचा कंडक्टर ओळखीचा. तो दुकानाच्या पायरीशी आला, टोपी काढली आणि आत न येताच म्हणाला, "टेलर, गणपत मास्तर गेलं काल." सकाळी चहा घेऊन ओसरीवर टेकले, ते उठलेच नाहीत, एवढं सांगून तो गाडीकडे गेला. मी मशीन चालू केली आणि फीत पुरी केली. कुणाला हे विचित्र वाटेल, पण हाताला काहीतरी हवं होतं... दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फीत दोन बोटं वाकडी गेलेली. ती सगळी उसवावी लागली. चाळीस वर्षांत माझी फीत कधी वाकडी गेली नव्हती.

मी शिंपी. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या बऱ्याच बँडवाल्यांचे ड्रेस माझ्याकडे होतात. त्यामुळे या मंडळींना लोक कानाने ओळखतात, मी छातीच्या मापाने ओळखतो. बँडमध्ये वाजवणारे दहा-पंधरा असले तरी मास्तर एकच, आणि तो सगळ्यांच्या पुढे चालतो. प्रत्येक मास्तरला आपल्या कोटावर शेजारच्या गावच्या मास्तरपेक्षा चार बोटं जास्त जर हवी असते. माप देताना हे लोक श्वास भरून छाती फुगवतात आणि मी निमूटपणे दोन बोटं कमी धरतो, नाहीतर पुढे कोट लोंबतो आणि बोल मला लागतो. माप देताना श्वास सोडून उभा राहणारा मास्तर मी एकच पाहिला, तो गणपत मास्तर. आणि खरं सांगायचं तर छाती फुगवण्याचा हक्क त्यांच्याइतका कुणाचाच नव्हता.

ते मिलिटरीच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवत. पेन्शनीत निघाल्यावर वडूजला येऊन त्यांनी गावचा बँड हाती घेतला. पहिल्यांदा मी त्यांना ऐकलं ते याच दुकानात बसून. समोरून वरात चालली होती. त्यांनी एक सूर लावला तेव्हा मी सुईत दोरा ओवायला घेतला होता. ओवून झाला, गाठ मारून झाली, मी मान वर करून रस्त्याकडे बघितलं, तरी तो सूर चालूच होता, आणि तसाच गोल. माणसाच्या छातीत एवढी हवा मावत नाही, हे माप घेणाऱ्यानं सांगितलेलं बरं. त्या दिवसापासून मी त्यांचा झालो. ते मला 'टेलर' म्हणत, मी त्यांना 'मास्तर'.

पेन्शनीच्या कागदांसाठी ते एकदा पुण्याला आपल्या जुन्या साहेबांच्या बंगल्यावर गेले होते. साहेबांची मुलगी कॉलेजात जाणारी, पायघोळ पँट घालणारी, विलायती संगीताची शौकीन. तिनं यांना एक तबकडी ऐकवली. परतताना मास्तर घरी न जाता थेट माझ्याकडे उतरले. चेहरा असा, की मला वाटलं पेन्शन वाढली. म्हणाले, विलायतेत नवीनच निघालंय. रॉक म्हणतात त्या गाण्याचे तिथे बँड आहेत, आणि त्या बँडमधले जे आधीच गाजलेले लोक, एकातला गिटारवाला, दुसऱ्यातला ड्रमवाला, तिसऱ्यातला गाणारा, ते आपापलं दुकान सोडून एकत्र येतात आणि नवा बँड काढतात. त्याला म्हणतात सुपर ग्रुप. तबकडीच्या वेष्टनावर बँडचं नावसुद्धा नाही, नुसती तिघांची नावं शेजारी शेजारी. मास्तरांनी त्या मुलीला विचारलं होतं, यांच्यात पुढं कोण चालतं? ती हसली आणि म्हणाली, कुणीच नाही. हे सांगताना मास्तर माझ्या इस्त्रीच्या टेबलावर बसलेच.

"टेलर, तीन गडी, तिनी मास्तर," ते म्हणाले, "आन् येकमेकाला वाट देत्यात. म्या कानानं ऐकलंय."

मी म्हणालो की आपल्याकडे असे तीन मास्तर एकत्र आणले तर वाट नाही, पोलीस लागतील. ते हसले नाहीत. पुढच्या खेपेला पुन्हा पुण्याला जाऊन त्यांनी आणखी तबकड्या ऐकल्या, आणि त्या मुलीकडून हेही कळलं की असे ग्रुप टिकत नाहीत, वर्षा-दोन वर्षांत फुटतात. मला वाटलं, आता तरी खूळ उतरेल. तर म्हणतात कसे, "फुटला म्हनून काय झालं? वाजला न्हवं?"

त्याच सुमाराला दुष्काळ पडला. लग्नं रोडावली, बँडवाल्यांचे कोट पेटीत गेले. दुष्काळ सरल्यावर मी माझ्या थोरल्या मुलीचं लग्न धरलं. मी मास्तरांना म्हणालो, वाजवायला तुम्ही या, आणखी काही नको. ते बरं म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी वाईला गेले, हे मला फार उशिरा कळलं. वाईला बापूराव मास्तर राहत. क्लॅरनेट वाजवावं ते त्यांनीच. कृष्णेच्या घाटावर ते बसले होते. गणपत मास्तर त्यांना म्हणाले, सुपर ग्रुप करायचा आहे, येता का? बापूरावांना एका कानाने कमी ऐकू येई. त्यांनी ऐकलं सुपारी. आता आमच्याकडे बँड ठरवायचा म्हणजे मास्तरच्या हातावर सुपारी ठेवायची. ती घेतली की शब्द गेला. मग कुणाचं लग्न, कुठलं गाव, काही विचारायचं नाही. जायचं नसेल तर ती सुपारी परत करावी लागते, आणि परत करणाऱ्याची चारचौघांत शोभा होते. बापूरावांनी हात पुढे केला आणि म्हणाले, ठेवा सुपारी. मास्तर क्षणभर गांगरले, मग घाटावरच्या दुकानातून चार सुपाऱ्या घेऊन आले आणि एक त्यांच्या हातावर ठेवली. बापूरावांनी ती कमरेला लावली. झालं!

पहिली चूक होती, पुढचा मात्र सरळ कावा होता. साताऱ्याच्या किसन मास्तरांना, ज्यांच्या साइड-ड्रमवर काठ्या दिसत नसत, नुसता पांढरा धूर दिसे, त्यांना तशीच, आणखी कोण येणार ते न सांगता, सुपारी गेली. तिसरी गेली सांगलीला दस्तगीर मास्तरांना, आणि ते ऐकून मी कात्री खाली ठेवली. दस्तगीर मास्तरही ट्रंपेटवालेच. थोर कोण, दस्तगीर की गणपत, यावर दोन जिल्ह्यांत लोकांनी एकमेकांची गचांडी धरलेली. एकाची वरात ज्या आळीत, तिथून दुसरा जायचा नाही. मी चिडून विचारलं, "मास्तर, दोन ट्रंपेट कशाला? माझ्या मुलीचं लग्न आहे, आखाडा नाही."

ते हळूच म्हणाले, "त्याचं ऐकायचं हाय मला. जवळनं."

मग त्यांनी ओठ वर करून मला पुढचा दात दाखवला. हलत होता. ट्रंपेटचं तोंड ओठांवर दाबलं जातं आणि ओठांच्या मागे टेका लागतो तो पुढच्या दातांचा. तो गेला की संपलं. डॉक्टरांनी महिना-दोन महिने सांगितले होते. एवढे दिवस आपल्या तोडीच्या माणसांत उभं राहून एकदाही वाजवलं नाही, आणि आता एकच लग्न हाताशी आहे, असं ते कोरडेपणानं सांगत होते. माझा राग तिथल्या तिथे विरला. मी टेप काढली. कुठल्याच बँडच्या रंगाचा नसलेला, पांढरा कोट शिवायचं ठरलं, गळ्याशी आणि मनगटाला जर, आणि आतल्या बाजूला छातीवर एक लहान खिसा. कोट अंगावर घालून बघताना त्यांनी उरलेली चौथी सुपारी काढली, माझ्यादेखत स्वतःच्याच हातावर ठेवली आणि त्या खिशात टाकली. "माजी मलाच," म्हणाले. कोट माझ्याकडेच टांगून ते गेले.

लग्नाच्या सकाळी नवरदेवाची मंडळी एस.टी. स्टँडवर उतरली. तिथून मिरवत मांडवात आणायची होती. साथीला वडूजचा बँड होताच. थोड्या थोड्या वेळानं तीन गाड्यांतून तीन मास्तर उतरले. बापूराव हिरव्या कोटात, किसन मास्तर निळ्या, दस्तगीर मास्तर किरमिजी, तिन्ही कोट मीच शिवलेले. एकमेकांना बघून तिघंही जागच्या जागी थांबले. मी मुलीचा बाप, हातावर मास्तरांचा पांढरा कोट घेऊन उभा. हे तिघं परत गेले तर माझ्या दारातून सुपाऱ्या परत गेल्या म्हणून पाहुणे जन्मभर बोलणार. दस्तगीर मास्तरांनी गणपत मास्तरांच्या हातातली ट्रंपेटची पेटी पाहिली आणि आवाज न चढवता विचारलं, "मास्तर, पुढं तुमी का मी?"

दस्तगीर मास्तरांनी आपल्या ट्रंपेटचं तोंड काढून पेटीत ठेवायला घेतलं... तेव्हा गणपत मास्तरांनी आपली पेटी माझ्या हातात दिली, कोटावर. वडूजच्या बँडमध्ये मोठा ढोल पोटावर घेऊन जो गडी सगळ्यांत मागे चालायचा, त्याच्याकडे ते गेले. ढोलाचा पट्टा त्यानं उतरवला, यांनी आपल्या गळ्यात घातला. बँडमध्ये ढोलवाल्याला कुणी विचारत नाही, त्याचा कोटसुद्धा उरल्यासुरल्या कापडातून होतो. ज्यांच्यासाठी मी आठ दिवस जर लावत बसलो होतो, ते साध्या सदऱ्यावर ढोल बांधून उभे होते.

"मी मागं हाय," ते म्हणाले. "आता तिघं बी पुढं व्हा."

आणि ढोलावर पहिली थाप पडली. ती पडल्यावर कुणाला नाही म्हणता येईना.

त्यानंतर जे झालं ते मला नीट सांगता येणार नाही. तिघं एका ओळीत, खांद्याला खांदा. आधी तिघंही आपलंच पुढे दामटत होते. मागून ढोल मात्र एका चालीनं, न वाढता, न थांबता. वेशीजवळ येईतो बापूरावांनी एक जागा घेतली आणि मध्येच सोडून दिली, आणि ती दस्तगीर मास्तरांनी पडू न देता झेलली. बापूराव चालता चालता वळून त्यांच्याकडे बघायला लागले. मग किसन मास्तरांनी काठ्या हलक्या केल्या, इतक्या, की क्लॅरनेटचा श्वास ऐकू यावा. ज्या माणसांनी आयुष्यात कुणाला जागा दिली नाही, ती एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत होती, तोंडात वाद्यं असताना. दुकानदार खाली उतरले. उसाच्या गाड्या हाकणारे गाड्या सोडून आले. मागून आलेल्या एस.टी.च्या ड्रायव्हरनं भोंगा न वाजवता इंजिन बंद केलं. माझ्या अंगावर काटा उभा होता आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं, आणि ते मुलीच्या लग्नाचं नव्हतं, हे आज कबूल करतो. भटजी मांडवाच्या दारातून मुहूर्त, मुहूर्त म्हणून ओरडत होते, आणि मुलीचा बाप ढोलाच्या बाजूनं चालत होता.

म्हणूनच मला ते दिसलं. गणपत मास्तरांचे डोळे मिटलेले. उजव्या हातात ढोलाची काठी, आणि तिच्या दांड्यावर त्यांची तीन बोटं दबत होती, उठत होती, ट्रंपेटच्या कळा दाबाव्यात तशी. ओठ आवळलेले. ते सबंध वाटभर वाजवत होते. दोन थापांमधल्या जागेत, कुणाला ऐकू न येईल असं... मला विचाराल तर त्या दिवशी रहिमतपुरात चार मास्तर वाजले.

अक्षता पडल्यावर दस्तगीर मास्तर त्यांच्याजवळ आले आणि म्हणाले, आता तुमचं एक होऊ द्या, मी ढोल घेतो. गणपत मास्तरांनी मान हलवली. दात सकाळपासून ठणकत होता म्हणाले. दात खरोखर ठणकत होता की त्या सुरांवर स्वतःचे सूर ठेवायचे नव्हते, हे मी कधी विचारलं नाही. तिघं आपापल्या गाडीनं गेले आणि पुन्हा कधी एकत्र वाजले नाहीत. महिन्याभरात तो दात पडला. मास्तर वडूजच्या मुलांना शिकवत राहिले, बोटांनी आणि तोंडी. एकदा मी न राहवून म्हणालो की तुमचं वाजवायचं मात्र राहून गेलं. मला वाटलं होतं, ते वाईट तरी वाटून घेतील. ते म्हणाले, "जवळनं ऐकलं, टेलर. लय जवळनं."

तेरावं झाल्यावर सरूवहिनी, मास्तरांच्या पत्नी, दुकानात आल्या. लग्नानंतर मी तो पांढरा कोट बळेच त्यांच्या घरी पोचवला होता, तो घडीसकट त्यांनी परत आणला. "भावजी, ह्यांनी कवा अंगाला लावला न्हाई," त्या म्हणाल्या. "घरात कुनाला बसत न्हाई. जर तरी काडून घ्या, कुनाच्या तरी कामी यील." बरोबर होतं त्यांचं. जर चांगली होती. त्या गेल्यावर मी कोट टेबलावर पसरला, गळ्याशी कात्री लावली, आणि अस्तरावरून हात फिरवताना छातीपाशी काहीतरी टणक लागलं.

सुपारी. चौथी.

आमच्याकडे सुपारी परत केली नाही म्हणजे काम कबूल असतं. त्यांनी ती परत केली नव्हती. कुणाला करणार, देणारे तेच आणि घेणारेही तेच. मी कात्री बाजूला ठेवली. सुईत दोरा ओवला, पहिल्या खेपेला ओवला गेला नाही, दुसऱ्या खेपेला गेला. सुपारी आत तशीच ठेवून तो खिसा वरून शिवून टाकला, बारीक टाक्यांनी. टाके सरळ आले.

कोट आता दुकानात खुंटीला आहे. मापं द्यायला येणारे मास्तर त्याची जर बघतात, हात लावतात, कुणाचा म्हणून विचारतात. मी सांगतो, शिवून तयार आहे, गिऱ्हाईक न्यायला यायचं आहे.